कागदावरचे साडेचारशे घोडे

६ जानेवारी

विमा कंपनीने फुकट दिलेली ही डायरी मृणालिनी भाजीच्या याद्यांसाठी वापरणार होती. मी पळवली. दिवसभर वर्कशॉपमध्ये मी नुसते आकडे लिहितो आणि त्या आकड्यांखाली मत लिहायला जागा नसते. मत तर मला प्रत्येक गोष्टीवर आहे. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे घरात त्याचा पुरवठा गरजेपेक्षा जास्त होतो, म्हणून आता ते इथे ओतणार.

आमचं वर्कशॉप शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, बंदराच्या वासात. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या येतात, आम्ही त्या नीट करतो, शौकीन लोक घेऊन जातात. माझं काम डायनोवर. जमिनीत बसवलेल्या लोखंडी रुळांवर गाडीची मागची चाकं ठेवायची, पट्ट्यांनी गाडी जखडायची आणि जीव खाऊन पळवायची. गाडी जागची हलत नाही, पण चाकांपाशी किती हॉर्सपॉवर पोचते ते मशीन सांगतं. पुण्यात अकरा वर्षं मी हेच केलं, इंजिनं तपासली. आकड्याच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, हे तिथले लोक अजून सांगतील.

इथला हुद्दा चीफ टेस्टिंग इंजिनिअर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर. व्हिसावर स्टोअरकीपर आहे, कारण तेव्हा कंपनीकडे तेवढाच कोटा शिल्लक होता. इथे बऱ्याच जणांचं असंच असतं. आमच्या बिल्डिंगमधले एक फायनान्स मॅनेजर कागदोपत्री प्लंबर आहेत आणि त्यांच्या बाथरूमचा नळ वर्षभर गळतोय.

तीन वर्षांपूर्वी आधीची कंपनी रातोरात बंद झाली तेव्हा या वर्कशॉपच्या मालकांनी, राजाभाऊंनी मला हात दिला. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, तेवढ्यावर. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

९ जानेवारी

आज कंटेनरमधून एक काळी शेवेल उतरली. सत्तर सालची, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, ४५४ घन इंचांचं इंजिन. ब्रोशरमध्ये साडेचारशे हॉर्सपॉवर. मी दोनदा प्रदक्षिणा घातली. विली म्हणाला, "आता नारळ फोडतो का काय?" विली आमचा इंजिनचा माणूस. वसईचा. त्याचे हात बघितले तर माणूस वाटतो, बोलणं ऐकलं तर संशय येतो.

गाडी आधीच विकली गेलीय. अल ऐनचे फहद नावाचे गृहस्थ घेणार आहेत. राजाभाऊ खुशीत होते. "अडीच लाख दिरहॅम, निखिल. म्हणजे साठ लाखाला टेकलं की रे! त्याची अट एकच आहे. इंजिन साडेचारशे देतं असं सर्टिफिकेट पाहिजे. मी म्हटलं, इन्शाल्ला, आमचा इंजिनिअर देईल."

मी तिथेच सांगायला हवं होतं. पण त्यांच्या हातात चहा होता आणि चेहऱ्यावर तो आनंद. उद्या सांगेन.

इथे लिहून ठेवतो, निदान मनातलं रचून होईल. त्या काळात अमेरिकेतल्या कंपन्या इंजिन गाडीबाहेर, स्टँडवर बसवून मोजायच्या. पंखा काढलेला, अल्टरनेटर काढलेला, एअर फिल्टर नाही, सायलेन्सरऐवजी मोकळे पाइप. असं मोकळंढाकळं इंजिन पळवून जो आकडा मिळेल तो ब्रोशरवर छापायचा. लग्नासाठी काढलेल्या फोटोत मुलाने पोट आत ओढलेलं असतं ना, तसं. फोटो खोटा नसतो, फक्त त्या पोटाबरोबर संसार करता येत नाही. बहात्तरपासून सगळं सामान जोडून मोजायची पद्धत रूढ झाली आणि कागदावरचे आकडे धपकन खाली आले. लोकांना वाटलं गाड्याच मेल्या. त्यात बराचसा भाग नुसता माप बदलल्याचा होता. उलट काही कंपन्यांनी विमा महाग पडू नये म्हणून आकडा मुद्दाम कमीही छापला. थोडक्यात, त्या ब्रोशरांवर विश्वास ठेवणारा माणूस भाबडा, आणि फहद भाबडे आहेत.

१४ जानेवारी

राजाभाऊंच्या घरून तिळाच्या वड्या आल्या. दुपारी शेवेल डायनोवर घेतली.

काय आवाज आहे! पत्र्याचं छत थरथरत होतं आणि विली कानावर हात ठेवून हसत होता. तीनदा पळवली. २८२, २८४, २८४. चाकांपाशी दोनशे चौऱ्याऐंशी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल मिळून वीस टक्के खातात असं धरलं तर इंजिन तीनशे पंचावन्न देतंय. पंचावन्न वर्षांच्या बाईने याहून जास्त काय द्यायचं? विलीचं काम एक नंबर आहे. पण साडेचारशे नाहीत, आणि ती अमेरिकेत नवी होती तेव्हाही चाकांपाशी नव्हते.

१६ जानेवारी

राजाभाऊंना सांगितलं. पूर्ण पाऊण तास, ब्रोशर, स्टँड, पंखा, सायलेन्सर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माझं एवढं कोणी ऐकत नाही, घरी तर नाहीच.

मग म्हणाले, "मला अडाण्याला एक सांग. ते मशीन इंजिनचा आकडा कसा काढतं?"

मी सांगितलं, की इंजिनचा आकडा ते मोजतच नाही. ते चाकांचा मोजतं. वाटेत किती टक्के शक्ती गेली ते आपण 'लॉस' नावाच्या रकान्यात हाताने भरायचं, मग मशीन नुसता भागाकार करतं. वीस भरले की तीनशे पंचावन्न.

"मग काय भरलं की साडेचारशे येतात?"

"सदतीस."

माझ्या तोंडून निघून गेलं. गणित विचारलं की मला राहवत नाही, शाळेपासूनची खोड आहे. लगेच म्हटलं, "पण राजाभाऊ, सदतीस कधीच नसतात. म्हणजे एकशे सहासष्ट घोडे वाटेत उष्णता होऊन बसणार. गिअरबॉक्स वितळेल."

"सर्टिफिकेटवर वितळत नाही ना?" असं म्हणून ते मनापासून हसले. मीही हसलो. मग ते म्हणाले, "गंमत केली रे. तू विचार कर. कंपनीने साडेचारशे छापलेत, आपण तेच लिहितोय. आपण नवीन खोटं कुठे बोलतोय?"

हे वाक्य दिवसभर डोक्यात फिरतंय. त्यात काहीतरी चुकीचं आहे आणि मला बोट ठेवता येत नाहीये.

१९ जानेवारी

माझा व्हिसा आठ फेब्रुवारीला संपतो. तो गेला की मृणालिनीचा आणि लेकीचा, ओवीचाही गेला, त्या माझ्या व्हिसावर आहेत. ओवीची दहावीची बोर्डाची परीक्षा पंधरा फेब्रुवारीपासून अठरा मार्चपर्यंत. आज राजाभाऊ स्वतःहून म्हणाले, "रिन्यूअलचं मी बघतो, तू टेन्शन घेऊ नकोस. पासपोर्ट देऊन ठेव. आणि ते सर्टिफिकेट तेवढं या आठवड्यात, म्हणजे दोन्ही कामं हातावेगळी." पासपोर्ट दिला.

घरी सांगितल्यावर मृणालिनीने पोळी तव्यावर तशीच ठेवली. "हल्ली पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मारत नाहीत. सगळं ऑनलाइन असतं. मग पासपोर्ट कशाला?"

"त्यांच्या पीआरओला लागत असेल." म्हणजे सरकारी कागदपत्रं करणारा कंपनीचा माणूस.

"विचारलंस?"

विचारणं बरं दिसत नाही. ज्या माणसाने पडत्या काळात सावरलं त्याच्याकडे पावती मागायची का? मृणालिनी क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असते, तिला प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायची सवय झालीय. पोळी करपली.

२२ जानेवारी

विलीला सदतीसचं सांगितलं. तो पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या शीटवर खाली 'असिस्टेड बाय' असतंय ना, तिथे माझं नाव नको टाकू."

"का?"

"नको म्हणजे नको, मॅन. मी इंजिन बांधला. चांगला बांधला. बस."

मला राग आला. मित्र म्हणवतो आणि वेळ आली की अंग काढून घेतो. त्याची मुलं वसईला आहेत, त्याच्यावर कोणाचा व्हिसा नाही. त्याला काय कळणार.

राजाभाऊंनी माझ्यासाठी नवीन रबरी शिक्का करून आणलाय. नाव, त्याखाली 'चीफ टेस्टिंग इंजिनिअर', गोल बॉर्डर. याआधी सर्टिफिकेटवर कंपनीची सही असायची. राजाभाऊ म्हणाले, "आता तुझं नाव व्हायला पाहिजे मार्केटमध्ये." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२४ जानेवारी

सदतीस भरले. मशीनने ४५०.८ दाखवले. सर्टिफिकेटवर लॉसचा रकाना छापला जात नाही, नुसता इंजिनचा आकडा येतो. सही केली, शिक्का मारला.

ओवीच्या परीक्षेसाठी केलं. तिच्यासाठी कोणत्याही बापाने केलं असतं.

२ फेब्रुवारी

फहद गाडी न्यायला आले. तिशीतला माणूस, पांढरीशुभ्र पायघोळ कंदुरा, वागणं अत्यंत साधं. येताना सगळ्यांसाठी खजुराचे डबे आणले, झाडू मारणाऱ्यालाही. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "निखिल भाई, मेरा दोस्त लोग बहुत बात करता है. बोलता है पुराना गाडी, दम नहीं. अभी मैं पेपर दिखाएगा."

"गाडी बहुत अच्छी है," मी म्हटलं. तेवढं तर खरं होतं.

"पेपर भी अच्छा है," ते म्हणाले आणि हसले.

ते गेल्यावर मला भूक लागली नाही. व्हिसाचं विचारलं तर राजाभाऊ म्हणाले, अर्जाचं टायपिंग झालंय, दोन दिवसांत होईल.

१० फेब्रुवारी

व्हिसा परवाच संपला. राजाभाऊ म्हणतात सिस्टिम डाऊन आहे, सगळ्यांचंच अडकलंय, घाबरण्यासारखं काही नाही. रात्री तीन वाजता जाग येते आणि मग मी छताकडे बघत लॉसचे टक्के मोजतो. घरात, ऑफिसात, गाडीत कुठेही बसलो तरी भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. हे मृणालिनीला सांगितलेलं नाही. तिला सांगितलंय की सगळं ठीक आहे.

फहदचा फोन आला. बावीस तारखेला, रमजान सुरू व्हायच्या आधी, अल ऐनच्या एका गॅरेजमध्ये शौकिनांचा मेळावा आहे. तिथेही डायनो आहे. सगळे आपापल्या गाड्या पळवून दाखवणार. "तुम आओ. मैं बोलेगा, ये मेरा इंजिनिअर."

मी म्हटलं मुलीची परीक्षा आहे. ते म्हणाले, सकाळी गाडी घेऊन स्वतः येतो, संध्याकाळी घरी सोडतो. राजाभाऊंना सांगितलं तर त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "जा. नाही गेलास तर संशय येईल. तिथला ऑपरेटर आपल्यासारखाच असणार, सांभाळून घे."

१५ फेब्रुवारी

ओवीचा पहिला पेपर, इंग्लिश. गेटपाशी सोडताना मी तिला म्हटलं, तुला काही कमी पडू देणार नाही. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट इंग्लिश. रिलॅक्स."

घरी आल्यावर मृणालिनीने दार लावून घेतलं आणि विचारलं, काय चाललंय. सगळं सांगितलं. सदतीसपर्यंत.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी शाळेच्या ऑफिसात विचारून आले होते, जानेवारीतच. व्हिसा रद्द झाला तरी मुदत मिळते, परीक्षा होऊन जाईल एवढी मिळते. तिची परीक्षा कधी अडकलीच नव्हती, निखिल."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू तेव्हा मला अल्टरनेटर समजावून सांगत होतास."

आणि मग म्हणाली, "व्हिसावर तू स्टोअरकीपर. मग त्या कागदावर इंजिनिअर म्हणून सही कुठल्या नात्याने केलीस? उद्या प्रकरण उलटलं तर राजाभाऊंचं नाव कुठे आहे त्यावर?"

मी आवाज चढवला. तिला व्यवहार कळत नाही, उपकार कळत नाहीत असं काहीबाही बोललो. नंतर बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या बिल्डिंगच्या सगळ्या बाल्कन्यांत एसीची यंत्रं आणि वाळत घातलेले कपडे. माणसाला उभं राहायला कुठे जागा नाही.

२२ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहितो.

फहद सकाळी सातला शेवेल घेऊन बिल्डिंगखाली. वॉचमन सलाम ठोकून उभा. अल ऐनपर्यंत पावणेदोन तास, त्या गाडीत, त्या माणसाशेजारी. दाराचं हँडल आतून घट्ट होतं, फहद म्हणाले बाहेरूनच उघडावं लागतं, तुम्ही दुरुस्त करा. मी हो म्हटलं. वाळवंटातला रस्ता सरळसोट आणि फहद आनंदात. सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत लावलंय. तीन मित्रांनी आपल्या गाड्या माझ्याकडेच तपासायच्या ठरवल्यात. "बोलता है, सिर्फ निखिल का साइन होना." म्हणजे आणखी तीन सदतीस. मग आणखी तीन. मला पुढची दहा वर्षं स्वच्छ दिसली.

गॅरेजमध्ये वीस-पंचवीस गाड्या, चहा, अरबी कॉफीचे ट्रे, तरुण पोरांचा कलकलाट. फहदनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. मग शेवेल रुळांवर चढवली. मशीनवर अर्सलान नावाचा पाकिस्तानी ऑपरेटर, पिकलेली दाढी, कामात मुरलेला. त्याने पट्टे आवळले, ज्या पद्धतीने आवळले त्यावरून कळलं की माणूस खरा आहे. की-बोर्डवर बोटं ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"उस्ताद, लॉस कितना डालूं?"

मी वाकून एक पट्टा ओढून बघितला, तो आधीच घट्ट होता.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "जितना बोलो, डाल देता हूं. सब डलवाते हैं."

तेवढंच करायचं होतं. दोन आकडे सांगायचे. पुन्हा साडेचारशे आले असते, टाळ्या पडल्या असत्या, फहदनी मिठी मारली असती आणि मी बिर्याणी खाऊन घरी आलो असतो. कोणाला कधीच कळलं नसतं. सुटकेचा इतका सोपा रस्ता समोर होता आणि मला त्याचीच भीती वाटली.

"झिरो," मी म्हणालो.

अर्सलानने पुन्हा विचारलं, "झिरो?"

"जो चाक पे आता है, वही दिखाओ."

मी शूर वगैरे झालो नव्हतो. खूप थकलो होतो, एवढंच. गाडी पळाली. तोच आवाज, तेच थरथरणारं छत. स्क्रीनवर २८१.

कोणीतरी हसलं. कोणीतरी अरबीत काहीतरी म्हणालं आणि सगळेच हसले. मोठ्या पडद्यावर तो आकडा तसाच. फहद सावकाश माझ्याजवळ आले, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून. कानापाशी म्हणाले, "बोलो, मशीन खराब है."

मला वाटलं होतं ते रागावतील, जाब विचारतील. ही मागणी मी धरलीच नव्हती.

"मशीन ठीक है," मी म्हणालो.

"हबीबी, प्लीज. सबके सामने बोलो."

"मशीन ठीक है, फहद भाई. पेपर गलत है. पेपर मैंने बनाया."

"मालूम था?"

"मालूम था."

मी त्यांना समजावू लागलो, की गाडी उत्तम आहे, इंजिनला साडेतीनशेच्या वर आहेत, ते साडेचारशे अमेरिकेतसुद्धा नुसते स्टँडवरचे होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "खलास," म्हणाले, मित्रांमध्ये जाऊन उभे राहिले आणि परत माझ्याकडे बघितलं नाही.

अर्सलानने मला बसस्टँडवर सोडलं. अल ऐनहून दुबई, दुबईहून शारजा. स्टँडपर्यंत अर्सलान एकच वाक्य बोलला होता, "आपकी बेटी-वेटी है?" मी म्हटलं आहे. त्याने मान हलवली.

बसमध्ये मी रडलो. बाजूला एक फिलिपिनो मुलगी बसली होती, तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. फहदचा तो हसरा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता. त्या माणसाने माझं काहीही वाईट केलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

राजाभाऊंनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. फहदचा वकील त्यांच्याशी बोललाय.

"अरे, मी तुला स्टोअरकीपर म्हणून ठेवला," ते म्हणाले. "रेकॉर्डला तसंच आहे. इंजिनिअर म्हणून सही तू केलीस. मशीनवर लॉगिन तुझं, शिक्का तुझ्या नावाचा. कंपनीचा काय संबंध?"

"तुम्हीच सांगितलंत, राजाभाऊ."

"मी विचारलं होतं, किती भरले की साडेचारशे येतात. आकडा तू सांगितलास."

हे खरं आहे. ते पुढे म्हणाले, प्रकरण मिटेपर्यंत पासपोर्ट माझ्याकडे सुरक्षित राहू दे, तू कामावर येत राहा, आपण घरचेच आहोत. त्यांचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही, हे मानलं पाहिजे.

विली काल सुट्टीवर वसईला गेला. जाताना माझ्या टेबलावर जुनी टेस्ट शीट ठेवून गेलाय, चौदा जानेवारीची. २८२, २८४, २८४. माझ्या हस्ताक्षरात.

२७ फेब्रुवारी

मृणालिनीने काल माझ्यासमोर राजाभाऊंना फोन केला. स्पीकर लावून. "राजाभाऊ, नमस्कार. उद्या चारला निखिलचा पासपोर्ट घ्यायला येते. नाही मिळाला तर तिथूनच लेबर ऑफिसात जाईन. वहिनींना नमस्कार सांगा." सव्वा मिनिट.

आज चारला पासपोर्ट पाकिटात घालून रिसेप्शनवर ठेवलेला होता. मृणालिनीने येताना टायपिंग सेंटरमध्ये, जिथे असे अर्ज भरतात तिथे, व्हिसाचं विचारलं. रिन्यूअलचा अर्ज कधी भरलाच गेला नव्हता.

मी पाच आठवडे ज्या दारापुढे मान खाली घालून उभा होतो ते तिने एका फोनवर उघडलं. मला तिची लाज वाटली आणि अभिमानही. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आधी जेवून घे."

५ मार्च

फहदचा मेसेज. इंग्रजीत, चार-पाच ओळींचा. वकील म्हणतो, काय झालं ते सगळं लिहून सही करून दे. दिलंस तर तक्रार कंपनीवर होईल, तुझं नाव त्यात राहील पण तू लिहून दिलंस हेही राहील. नाही दिलंस तर तक्रार सही करणाऱ्यावर, म्हणजे तुझ्यावर. अठरा तारखेपर्यंत वाट बघतो.

म्हणजे लिहून दिलं तरी मी आत, नाही दिलं तरी आत. प्रकरण चालू झालं तर देशाबाहेर जाता येणार नाही. पासपोर्ट आता कपाटात आहे आणि तो घेऊन मी कुठेही जाऊ शकत नाही. वर्कशॉपला जाणं बंद केलंय. मृणालिनी क्लिनिकच्या व्हिसावर जायच्या खटपटीत आहे, ओवीला तिच्यावर घेता येईल. मला घेता येईल का, ते अजून कोणी सांगत नाही.

गाडीचं काय केलं, हे फहदनी लिहिलेलं नाही. मी विचारलं नाही.

१८ मार्च

ओवीचा शेवटचा पेपर झाला. दुपारी ती आली, बॅग फेकली, आंबा ज्यूसचा अख्खा डबा संपवला. मी म्हटलं, मला एक इंग्रजी कागद टाइप करून देशील? माझं इंग्रजी टेस्ट रिपोर्टपुरतं आहे, वकिलाला चालणार नाही. मृणालिनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तिला कळू दे.

ओवी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मी मराठीत सांगत होतो, ती इंग्रजीत लिहीत होती. तारखा, गाडी, चौदा जानेवारीचे तीन आकडे. सदतीस कशाला म्हणतात ते तिने दोन प्रश्नांत समजून घेतलं. राजाभाऊंनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, जसंच्या तसं. माझा व्हिसा आणि त्यांचे उपकार, यावर एकेक वाक्य.

मग मी पुढचं वाक्य सांगितलं. दोन महिने मनात घोटलेलं होतं, अडखळलो नाही. "माझ्या मुलीची दहावीची परीक्षा असल्यामुळे माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता."

तिने ते टाइप केलं. सवयीने, वेगात. मग बोटं थांबली. स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "वॉज इट बिकॉज ऑफ मी?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

मी हो म्हणायला तोंड उघडलं. डायरीत किती वेळा लिहिलंय मी ते. पण तिचे खांदे बघितले. पंधरा वर्षांची मुलगी, परीक्षा संपून तीन तास झालेत, आणि ते वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मी सही करताना ती माझ्या डोक्यात होती का? खरंच होती का? त्या क्षणी माझ्या डोक्यात राजाभाऊ होते, तो नवीन शिक्का होता, आणि नाही म्हटल्यावर होणारा त्यांचा चेहरा होता. ओवी नंतर आली. ओवीला मी नंतर आणलं.

"नाही," मी म्हणालो.

"देन व्हाय इज इट हिअर?"

"काढ ते."

तिने बॅकस्पेस दाबून धरलं. एकेक अक्षर मागे जात होतं.

"वरचं व्हिसाचं वाक्य पण काढ. आणि उपकाराचं."

"बाबा, देन देअर इज नो रीझन लेफ्ट."

"राहू दे तसं."

तिने उरलेलं वाचून दाखवलं. चोवीस जानेवारीला मी रकान्यात सदतीस भरले. ते चूक आहे हे मला ठाऊक होतं. मी सही केली. खाली मोठी मोकळी जागा राहिली होती, ती तिने कमी केली आणि प्रिंट काढली. मी सही करताना ती बाजूलाच उभी होती. मी म्हटलं, जा आता, मैत्रिणी वाट बघत असतील.

ती गेली नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसून राहिली.